याडीच्या आवाजात रेती

लोहारा, यवतमाळ
५ जानेवारी २०२५

बबे,

तुझा भाऊ सोयाबीन उतरवून परत निघाला आहे. त्याच्या पिकअपमध्ये, मागे नव्हे, पुढच्या सीटवर हा डबा ठेवून मी त्याला दम दिला आहे की आर्णीला चहाला थांबलास तर डबा काखेत घेऊनच उतरायचं. बादल म्हणाला, "ताई, लेकरू हाये का थे?" म्हटलं, लेकरूच समज.

तू मागितलास तसा झाला आहे. पाच हेडफोनांचा अ‍ॅम्प्लिफायर. तुझ्या आश्रमशाळेला देणगीत मिळालेले ते मोठे हेडफोन मोबाइलच्या ताकदीबाहेरचे आहेत. एक लावला तरी आवाज कण्हत येतो, पाच लावले तर बिचारा मोबाइल हात जोडेल. आता मोबाइलची पिन मागे घालायची, हेडफोन पुढे लावायचे, मधलं बटण फिरवायचं. संपलं.

दिवसभर कारखान्यात बॅटरी चार्जरचे ट्रान्सफॉर्मर गुंडाळणारी बाई घरी येऊन हे का करते, असं माझ्या वहिनी विचारतात. त्यांना एकदा हा कानाला लावून दिला, तेव्हापासून विचारत नाहीत.

यात माझी खरी करामत फीडबॅकची आहे. तू मराठीची बाई, जांभई देऊ नकोस, थोडक्यात सांगते. आतली चिप बाहेर गेलेल्या आवाजाचा हिस्सा परत मागवते, आत आलेल्या आवाजाशी ताडून बघते आणि फरक दिसला की तिथल्या तिथे दुरुस्त करते. या परतीच्या वाटेला फीडबॅक म्हणतात. बाकीचे लोक भीतीपोटी शेवटी एक रेझिस्टर, विजेला थोडं अडवणारा बारीक तुकडा, घालून ठेवतात. त्याने दुरुस्ती हेडफोनच्या अलीकडेच थांबते. मी तो घातलेला नाही. माझी दुरुस्ती थेट सॉकेटच्या तोंडापर्यंत जाते. यंत्रावर बघितलं, आवाजात भेसळ शोधून सापडत नाही.

फोन करू नकोस. तांड्यावर रेंज नसते, आणि असली की आपण भांडतो. होस्टेलात करायचो तसं, वस्तूबरोबर कागद. हा तुझ्या आईसाठी आहे ना, मग मावशी ऐकून काय म्हणाल्या ते शब्दाला शब्द लिही.

विजू


धावजीनगर तांडा, ता. महागाव
१४ जानेवारी

विजू,

तिळगूळ घे आणि मग पुढचं वाच, कारण पुढचं गोड नाही.

हे सगळं कशासाठी चाललंय ते मी तुला धड सांगितलंच नव्हतं. गेल्या वर्षी यवतमाळला याडीच्या गळ्याचं ऑपरेशन झालं. आईचा जीव वाचला, आवाज गेला. आता नुसती कुजबूज उरली आहे. पण ऑपरेशनच्या आधी मी तिच्याकडून ढावलो रेकॉर्ड करून घेतला होता, नवरी सासरी निघताना आईच्या गळ्यात पडून रडत म्हणते ते आमचं बंजाऱ्यांचं गाणं. सगळी कडवी येणारी आता तीच एक. नव्या पोरींना दोन ओळींपुढे काही येत नाही, डीजे लागला की त्याही विसरतात.

तेव्हा तिने अट घातली होती. "मी आयकीन, मंग हो म्हनीन. नाही म्हनलं तं पुसून टाकायचं." मी तिच्या डोक्यावर हात ठेवून शब्द दिला. आणि ढावलो लग्नाशिवाय मोकळ्यावर वाजवायचा नाही, असा तिचा नेम आहे. वाजला तर कुणाच्या घरून तरी लेक उगाच गेल्यासारखं होतं, म्हणते. म्हणून स्पीकर नाही, हेडफोन. एकटीने निवाडा करायलाही ती तयार नाही. तिच्याबरोबर आयुष्यभर गायलेल्या चौघीही ऐकणार, तानाबाई आणि बाकीच्या. म्हणून पाच.

परवा पाचही जणी ओट्यावर ऐसपैस बसल्या. हेडफोनच्या वायरी आखूड होत्या, त्या आम्ही वाढवून आमच्या पद्धतीने नटवल्या आहेत, बघशील तर खूष होशील. मी गाणं लावलं. याडीने जरा वेळ ऐकलं आणि हेडफोन काढून माझ्या मांडीवर ठेवला. आमच्या बोलीत म्हणाली, तुझ्यासाठी मराठीत लिहिते, "हा मी नाही. माह्या आवाजात रेती कोनं टाकली?"

विजू, आता ती पुन्हा गाऊ शकत नाही. आहे ते एवढंच आहे. तुझा डबा नीट आहे ना?

बबी


लोहारा
१९ जानेवारी

बबे,

डबा नीट आहे. हे मी पहिल्या ओळीत लिहिते, म्हणजे तू पुढचं शांतपणे वाचशील.

मावशींचा आवाज गेल्याचं तू मला वर्षभर कळवलं नाहीस, त्याबद्दल भेटल्यावर बोलू. सुटीत तुझ्याकडे तांड्यावर जेवायला आले की त्या चुलीपुढून मला हाक मारायच्या, ती हाक पार आपल्या होस्टेलच्या खोलीपर्यंत ऐकू जाईल असं वाटायचं. वाचून फार वाईट वाटलं.

पण रेतीचं म्हणशील तर त्यात माझ्या डब्याचा काही हात नाही. स्वतःचा आवाज बाहेरून ऐकला की प्रत्येकाला परका वाटतो. आपण बोलतो तेव्हा तो आपल्याला हाडातूनही ऐकू येतो, रेकॉर्डिंगमध्ये हाडं नसतात. तुझा वर्गातला आवाज रेकॉर्ड करून ऐक, तुला वाटेल ही कोण कर्कश बाई. मावशींनी जन्मात स्वतःला ऐकलेलं नाही, त्यांना धक्का बसणारच. दोनचार वेळा ऐकव, कान सरावतील. आणि त्यांना सांग, विजूने स्वतःच्या हाताने बनवलं आहे, विजूच्या हातून भेसळ होत नाही.

विजू


धावजीनगर तांडा
२७ जानेवारी

विजयमालाबाई,

हो, बाई. रागावले आहे म्हणून.

तुझं हाडांचं शास्त्र मी याडीला सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि मला विचारलं, "मंग तानाबाईच्या हाडात काय झालं?" कारण तानाबाईलाही रेती ऐकू येते. पाचही जणींना येते. या बायकांनी याडीचा आवाज पन्नास वर्षं शेजारी उभं राहून ऐकला आहे. त्यांच्यासाठी तो बाहेरचाच आवाज आहे, विजू. तुझ्या शास्त्राने त्यांना तरी तो ओळखीचा वाटायला हवा होता की नाही?

तीनदा ऐकवलं. खालचे सूर बरे येतात. याडी उंच सूर लावते, जिथे नवरी आईला हाक मारते, तिथे नेमकं करकरतं. ती म्हणते, "पोरी हे आयकून शिकतीन तं म्हनतीन, मानीबाई अशी फाटक्या गळ्यानं गात व्हती. त्यापरीस काहीच नसलेलं बरं." होळीच्या आदल्या दिवशी पुसायचं ठरलं आहे. होळीला पोरीबाळी तांड्यावर येतात, कुणी मोबाइलवर मागू नये म्हणून त्याच्या आधी. मी रेकॉर्डिंगची दुसरी प्रत कुठेही ठेवलेली नाही, कारण शब्द दिला होता. ठेवणारही नाही.

तुझ्या डब्याचं कौतुक करायचं तर एवढंच आहे की तो मस्त गरम राहतो. सकाळची थंडी असते, याडी त्याच्यावर हात शेकते.

बबिता


लोहारा
३० जानेवारी

बबे,

गरम?

शेकण्याइतका गरम? तो डबा माझ्या टेबलावर संध्याकाळभर चालला तरी कोमटही होत नाही. मी तुझ्या पत्रातली सगळी बोलणी वाचली आणि मनात उत्तरं तयार केली होती, शेवटच्या ओळीपाशी येऊन सगळी विसरले. आवाजाबद्दल मी वाद घालीन, गरमीबद्दल घालता येत नाही. आत काहीतरी उगाच राबतं आहे.

ताबडतोब बंद कर. बादलबरोबर पाठव. काही पुसू नकोस.

विजू


लोहारा
१० फेब्रुवारी

बबे,

डबा मिळाला. रविवार त्याच्यापुढे बसून काढला. माझ्याजवळचे हेडफोन लावले, आवाजाची रेघ पडद्यावर दाखवणारं यंत्र जोडलं, तुझ्या शाळेतल्या बालगीतांपासून लाउडस्पीकरच्या भजनांपर्यंत सगळं वाजवलं. थंडगार. रेघ धुतल्यासारखी स्वच्छ.

तरीही मावशींचं म्हणणं खरं आहे, असं मी धरून चालले आहे. डबा इथे गार राहतो आणि तिथे तापतो, म्हणजे तुझ्याकडे असं काहीतरी आहे जे माझ्याकडे नाही. ते मी शोधून काढीन. होळीला अजून महिना आहे आणि मी आजवर एकही डबा अर्धवट सोडलेला नाही.

आता तू एक कर. डब्याला तुझ्याकडे जे जे लागतं, चिकटतं, टेकतं, ते सगळं लिहून कळव. लाइट कुठून घेतेस, डबा कशावर ठेवतेस, वरून काय झाकतेस. आणि जे सांगण्यासारखं नाही असं वाटेल, ते आधी सांग.

विजू


धावजीनगर तांडा
१६ फेब्रुवारी

विजू,

लाइट ओट्यावरच्या बोर्डातून घेते. डबा पाटावर असतो. वरून काही झाकत नाही.

सांगण्यासारखं नाही ते विचारलंस म्हणून वायरींचं लिहिते. मागे लिहिलं होतं, पण तू त्यावर काहीच बोलली नाहीस, मला वाटलं तुला त्यात रस नाही. तुझा डबा ओट्याच्या या टोकाला बोर्डापाशी राहतो आणि याडीचा हट्ट की ऐकायचं ते ओट्याच्या पार टोकाला, लिंबाच्या सावलीत. म्हणून बादलने महागावहून वायरीचं भेंडोळं आणलं आणि शाळेच्या इलेक्ट्रिशियनने जोड दिले. एका हेडफोनला तीन वायरी लागतात, डाव्या कानाची, उजव्या कानाची आणि एक दोघांची. त्या तिन्ही सुट्या लोंबकळायला लागल्या, कोंबड्या अडकायच्या. तानाबाई म्हणाली, तीन हायेत ना, मंग वेनी घाला. तिने स्वतः घातली. तांड्यात तिच्याइतकी घट्ट वेणी कुणी घालत नाही, लग्नात घातलेली पाचव्या दिवशीही सुटत नाही. पाचही वायरींच्या अशा तीन पेडांच्या वेण्या झाल्या, वर लाल-पिवळे गोंडे, कवड्या, आरसे. एकेक वेणी ओट्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत.

डब्याबरोबर पाठवल्या नाहीत, मळतील म्हणून. आता बादलकडे देते आहे. कवड्या मोजून दिल्यात असं तानाबाईने सांगायला लावलं आहे, ती थट्टा करत नाही.

बबी


लोहारा
२४ फेब्रुवारी

माझ्या गुणाच्या बबे,

वेण्या आल्या. आधी मी त्या नुसत्या हातात घेऊन बसले. इतकी सुंदर वायर मी उभ्या आयुष्यात बघितली नाही.

मग एकेक लावत गेले. पहिली लावली, काही नाही. दुसरी, तिसरी, काही नाही. चौथी लावली आणि पडद्यावरची रेघ जाड झाली, लोकरीच्या धाग्यासारखी. पाचवी लावल्यावर डबा तापायला लागला. मी इतक्या जोरात ओरडले की वहिनी भाकरीचं पीठ हाताला तसंच घेऊन धावत आल्या.

काय होतं ते ऐक. दोन वायरी एकमेकींना लांबवर घट्ट बिलगल्या की त्या वीज साठवून ठेवायला लागतात. थोडीच, पण ओटाभर लांबीच्या पाच वेण्या, तानाबाईंच्या हातच्या, म्हणजे माझ्या चिपला भरपूर झाली. चिप आवाज पाठवते, तो आधी वेणीत मुरतो, आणि परतीच्या वाटेवर खबर उशिरा पोचते. चिप दुरुस्ती करते, पण शिळ्या खबरीवर. तुला आठवतं, मी स्कूटर शिकत होते आणि तू मागे बसून "डावीकडे!" ओरडायचीस, तोवर वळण मागे गेलेलं असायचं? मी आणखी जोरात वळवायची, मग तू "उजवीकडे!" म्हणून किंचाळायचीस, आणि आपण दोघी रसवंतीच्या टेबलावर. तेच. चिप दर क्षणी डावी-उजवी करत होती, इतक्या वेगाने की तो थरथराट कुणाच्या कानाला ऐकू येत नाही. पण उंच सुराबरोबर तो मिसळला की सूर करकरतो, आणि चिप राबून राबून तापते. मावशींनी ऐकली ती रेती खरी होती, आणि ती माझी होती. हाडांचं मागे घेते.

वेण्या सोडवायच्या नाहीत. तानाबाईंना सांग, गोंड्यालाही हात लावलेला नाही. बदलायचं ते मी डब्यात बदललं आहे. लोक घालतात तो रेझिस्टर, ज्याला मी भित्रेपणा म्हणत होते, तो प्रत्येक सॉकेटला घातला. आता वेणी चिपच्या अंगाला थेट झोंबत नाही. आणि झटपट दुरुस्तीची खबर लांबून यायला नको म्हणून चिपच्या शेजारीच एक बारीकसा कपॅसिटर बसवला, जवळची खबर तो तिथल्या तिथे परत देतो. दुरुस्ती आता सॉकेटच्या तोंडापर्यंत जात नाही, एक पाऊल आधी थांबते, पण वेळेवर पोचते. भेसळ कागदावर केसभर वाढली. पाचही वेण्या लावून दिवसभर चालवला, रेघ स्वच्छ, डबा गार. शेकायला मावशींना आता शेगडी बघावी लागेल.

हे चालणारच. तरी हो म्हणायचं की नाही ते मावशींनीच ठरवायचं. नाही म्हणाल्या तर तू शब्द पाळ, मी तुला अडवणार नाही.

विजू


धावजीनगर तांडा
८ मार्च

विजू,

डबा आल्यावर मी चार दिवस तो उघडलाच नाही. तू इतक्या खात्रीने लिहिलंस आणि मला भीती अशी वाटली की आता रेती निघून जाईल आणि तरीही याडी म्हणेल, हा मी नाही. मग दोष कुणावर टाकायचा?

आज तानाबाईनेच येऊन वेण्या अंथरल्या. पाचही जणी लिंबाखाली बसल्या. मी गाणं लावलं आणि आत जाऊन उभी राहिले, मला याडीच्या तोंडाकडे बघवेना. मग तानाबाईचा हुंदका ऐकू आला. बाहेर आले तर चौघी रडत होत्या आणि याडी डोळे मिटून, मान हलवत, ओठांनी स्वतःच्याच मागे गात होती. आवाज नाही, नुसते ओठ.

संपल्यावर तिने हेडफोन काढला आणि म्हणाली, "मीच हाव." मग म्हणाली, "पुसू नको."

पण तिचं संपलं नव्हतं. म्हणाली, "पन हे अर्धं हाये." मला वाटलं एखादं कडवं राहिलं. म्हणाली कडवं नाही राहिलं. "ढावलो गळ्यात पडून म्हनतात. मी तं तुह्या शाळेच्या खोलीत यंत्रासमोर बसून म्हनला. समोर कोनाचा गळा नव्हता. पोरी याच्यावरून शबद शिकतीन, पन म्हनायचं कसं थे कशावरून शिकतीन?"

असं म्हणून ती उठली आणि माझ्या गळ्यात हात टाकले. "म्हन."

मी म्हटलं, याडी, मोकळ्यावर? कोणाचं लग्न आहे आता?

ती माझ्या कानात कुजबुजली, "तुहं राह्यलं व्हतं."

तू होतीस माझ्या लग्नात. आठव, जीपवाल्याला दुसरं भाडं होतं, तो हॉर्न वाजवत राहिला, सासरच्यांनी घाई केली आणि मी याडीच्या गळ्यात न पडताच गाडीत बसले. कुणाचीच चूक नव्हती, पुढे शाळेच्या नोकरीने मी परत तांड्यावर राहायला आले तरी आम्ही दोघींनी त्यावर कधी शब्द काढला नाही. मला वाटायचं ती विसरली.

मी छत्तीस पोरांपुढे रोज बोलणारी बाई, पण याडीच्या खांद्यात तोंड लपवलं. मग पहिली ओळ म्हटली. दुसरी चुकले, तर तिची बोटं माझ्या पाठीत रुतली. लगेच, चुकीचा शब्द तोंडातून पुरता बाहेर पडायच्या आधीच. मी बदलला, बोटं सैल झाली. असं करत करत ती मला ओळीओळीने पुढे नेत गेली. सूर वर जाऊ लागला की हात वर सरकायचा, थांबायचं असलं की तळवा टेकायचा. नवरी आईला हाक मारते तिथे मी पोचले, आणि विजू, तिथून पुढे मी गात नव्हते, खरंच रडत होते, पण पाठीवरचा हात म्हणत होता, सोडू नको, म्हन. मी शेवटपर्यंत म्हटलं. चौघी उठून आम्हा दोघींभोवती उभ्या राहिल्या. आईने लेकीला उत्तर द्यायचं असतं ती ओळ तानाबाईने याडीच्या वतीने म्हटली, याडीचा श्वास माझ्या कानात तीच ओळ म्हणत होता.

बादल गाडी लावून तिथे आला होता. त्याने मोबाइल काढून आमच्याकडे धरला. याडीने माझी पाठ न सोडता दुसऱ्या हाताने त्याला नाही म्हटलं, आणि त्याने तो खिशात ठेवला. म्हणून हे कुठेच रेकॉर्ड झालेलं नाही. तुला लिहून कळवते आहे.

तुझी
बबी